बत्तीस माणसांचा आकडा

मालवणातून बोलतोय. बाहेर पाऊस धो धो आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना मध्येच पत्र्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांसाठी नेहमीसारखंच: बोललोय तसंच उतरवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय जरा जड आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाचा स्कॅन बघून तो वाचेल की नाही, हे सांगता येतं का? आणि सांगता आलं, तर ते कधी सांगायचं? मी डॉक्टर नाही. बी.टेक. आहे, पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून कोड लिहितो. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझे मामा. वय ६१. आयुष्य होडीवर गेलं, तांडेल होते. दोन वर्षांपूर्वी पावसाळी बंदीच्या दिवसांत दांडीवर जाळी दुरुस्त करत बसले होते. हातातली सुई पडली. उचलायला गेले तर उजवा हात उचलेना, आणि तोंडातून शब्द येईना. ब्लडप्रेशरची गोळी 'आता बरा वाटता' म्हणून महिनाभर बंद केलेली, हे आम्हाला नंतर कळलं.

मालवणच्या माणसाला पुढचं सांगायला नको. न्यूरोसर्जन पाहिजे म्हटलं की आपल्याकडे रस्ता सुरू होतो. कुणी ओरोसला जातं, कुणी बांबोळीला, कुणी घाट चढून कोल्हापूरला. आम्ही जिथे पोचलो त्या हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. पोचेपर्यंत साडेपाच तास झाले होते.

सीटी स्कॅन झाला. कॅज्युअल्टीत एकाने फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाला, "मोठा ब्लीड आहे. घरी न्यायचं असेल तर आत्ताच ठरवा, पुढे खर्च वाढत जातो."

मामी माझ्याकडे बघायला लागली. घरात शिकलेला मी. मग मी काय केलं? कॉरिडॉरमध्ये उभा राहून मोबाइल काढला आणि स्कोअर मोजला.

तो स्कोअर काय असतो ते आधी सांगतो, कारण तो खरंच हुशारीने बनवलेला आहे.

सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. पाणी म्हणजे ०. मेंदू साधारण २० ते ४०. ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७०. म्हणून ते करड्या मेंदूत पांढरं दिसतं. ज्याचं नाव या युनिटला आहे तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हता, आपल्यासारखाच इंजिनिअर होता, ग्रामोफोन रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीत. १९७१ साली लंडनमध्ये त्याच्या यंत्रावर पहिल्या पेशंटचा मेंदू दिसला आणि १९७९ साली त्याला नोबेल मिळालं.

रक्ताची गाठ किती मोठी, हे मोजायला सोपं सूत्र आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले दोन. मामांची गाठ ५ बाय ४ बाय ४ सेंटिमीटर. म्हणजे ४० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची, १० मिलिलिटरची चार झाकणं. एवढ्याने माणूस आडवा होतो.

आता स्कोअर. क्लॉड हेम्फिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बनवलेला, २००१ साली छापलेला. पाच गोष्टी बघायच्या. पेशंट किती शुद्धीवर आहे. गाठ ३० मिलिलिटर किंवा जास्त आहे का. रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत शिरलंय का. रक्तस्राव खाली, लहान मेंदू किंवा मेंदूच्या देठाकडे आहे का. आणि वय ८० किंवा जास्त आहे का. बेरीज ० ते ६.

मामा अर्धवट शुद्धीत, एक गुण. ४० मिलिलिटर, एक गुण. पोकळीत रक्त, एक गुण. बाकी दोन शून्य. बेरीज ३. तक्त्यात ३ च्या समोर लिहिलेलं होतं: ३० दिवसांत मृत्यू, ७२ टक्के.

मामीने विचारलं, "तुझ्या मोबाइलात काय इला? सांग माका."

आणि मी सांगितलं. "शंभरातले बहात्तर जातात, मामी." वर शहाण्यासारखं हेही म्हटलं की त्यांचे हाल नको करूया.

हीच ती चूक. आकडा मी बरोबर वाचला होता. पण तो कशापासून बनलाय, हे न बघता मी तो एका बाईच्या हातात दिला.

तेवढ्यात तिथे एक रेसिडेंट डॉक्टर होती, माझ्याच वयाची. तिने ऐकलं आणि म्हणाली, "स्कोअर बरोबर आहे. पण तो पेपर किती पेशंटवर आहे, ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. त्या रात्री बघितलं. सगळे मिळून १५२ पेशंट. त्यांतले स्कोअर ३ असलेले किती? ३२. गेले २३, वाचले ९. माझे 'शंभरातले बहात्तर' म्हणजे मुळात बत्तीस माणसं होती. दुसऱ्या खंडातली, पंचवीस वर्षांपूर्वीच्या उपचारांतली. नंतर अनेक देशांत तो स्कोअर तपासला गेला. कोण जास्त धोक्यात आणि कोण कमी, हा क्रम तो चांगला लावतो. पण त्याचे टक्के प्रत्येक ठिकाणी जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे, हसण्यासारखी नाही.

त्याच २००१ साली सिएटलच्या कायरा बेकर आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. त्यांचं म्हणणं असं: या पेशंटांचं पुढे काय होणार हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उपचार चालू ठेवले की थांबवले, ही. डॉक्टरांना वाटतं हा जाणार. म्हणून उपचार काढतात. मग तो जातो. आणि तो गेला म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर म्हणतात, बघा, असे जातातच.

मालवणच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, तेव्हा हवामान खात्याने आधी इशारा दिला होता. इशारा दिला म्हणून वादळ आलं नाही, ते येणारच होतं. आपण फक्त होड्या वर ओढल्या. पण 'हा वाचणार नाही' हा इशारा तसा नाही. तो ऐकून आपण सलाईन काढून घरी आणलं, तर तो इशाराच वादळ होतो. आणि नंतर अंदाज बरोबर निघाला असं म्हणायला आपण मोकळे.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण सध्या सगळ्यांना वाटतं की एआय हे सोडवेल.

एआयने या क्षेत्रात चांगलं काम केलंय, आणि आपल्या मुंबईत केलंय. क्यूअर डॉट एआय या कंपनीच्या लोकांनी २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये पेपर छापला. भारतातल्या केंद्रांवरचे ३ लाख १३ हजारांहून जास्त डोक्याचे सीटी वापरून त्यांनी अल्गोरिदम शिकवला. मग दिल्लीहून आलेले ४९१ स्कॅन तीन रेडिओलॉजिस्टना दाखवून पडताळलं, आणि तो संच सगळ्यांसाठी खुला केला. रात्री दोन वाजता स्कॅन झाला आणि वाचायला रेडिओलॉजिस्ट नाही, तेव्हा 'इथे रक्त आहे, हा आधी बघा' असं मशीनने सांगणं मोलाचं आहे.

पण रक्त आहे का, हा प्रश्न वेगळा. माणूस जगेल का, हा प्रश्न वेगळा. पहिल्याचं उत्तर फिल्ममध्येच असतं. दुसऱ्याचं उत्तर पुढच्या तीन महिन्यांत घडायचं असतं.

मॉडेल शिकवायला दोन गोष्टी लागतात. एक स्कॅन, आणि एक उत्तर, ज्याला आम्ही लेबल म्हणतो. ते लेबल कुठून येतं बघा. समजा त्या दिवशी आम्ही मामांना घरी नेलं असतं. कागदावर काय पडलं असतं? 'डामा.' म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. सल्ला कुणी दिला होता ते तुम्ही ऐकलंच. मग मामा दोन दिवसांनी घरी गेले असते, आणि हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये 'डिस्चार्ज' म्हणून राहिले असते. किंवा कुणी फोन करून विचारलं असतं, तर 'मृत्यू' म्हणून. पहिल्या लेबलवरून मशीन शिकलं असतं की असे लोक घरी जातात. दुसऱ्यावरून शिकलं असतं की अशी गाठ असली की माणूस मरतो. दोन्ही खोटं. खरं एवढंच, की घरच्यांकडे पैसे आणि धीर दोन्ही संपले होते. स्कॅनमध्ये ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. रक्तस्राव सुरू झाल्यावर गाठ वाढत राहू शकते. अमेरिकेत सिनसिनाटीला १९९७ साली छापलेल्या अभ्यासात ३८ टक्के पेशंटांची गाठ पहिल्या दिवसातच बरीच वाढली होती, आणि त्यातल्या बहुतेकांची पहिल्या स्कॅननंतरच्या तासाभरातच. आता शहरातला माणूस पाऊण तासात स्कॅनला पोचतो. आमचा माणूस साडेपाच तासांनी. दोघांच्या फिल्मवर ४० मिलिलिटर. त्याची गाठ अजून वाढायची असेल, आमची वाढून थांबलेली असेल. चित्र एक, अर्थ वेगळा. मॉडेलला घड्याळ आणि रस्ता सांगितला नाही, तर ते मालवणच्या माणसाला मुंबईच्या मापाने मोजणार.

म्हणून मशीन टाकाऊ का? नाही. मॉडेलने 'धोका जास्त' सांगितल्यावर त्या पेशंटला आधी बेड, आधी ब्लडप्रेशरचं औषध, आधी न्यूरोसर्जनला फोन मिळत असेल, तर मला ते आमच्या प्रत्येक तालुक्यात हवंय. २०२३ साली छापलेल्या इंटरॅक्ट-३ या चाचणीत भारतासह १० देशांतले ७,००० हून जास्त पेशंट होते. वरचं ब्लडप्रेशर तासाभरात १४० च्या खाली, साखर ताब्यात, ताप ताब्यात, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा उतारा. एवढं एकत्र आणि लवकर केल्यावर परिणाम सुधारले. यात एकही जादूची गोष्ट नाही. आकडा धावपळ करायला वापरा, हात वर करायला नको.

अमेरिकेतल्या हृदय आणि स्ट्रोकच्या संघटनांची २०२२ ची मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते. आधीपासून पेशंटची तशी इच्छा नसेल, तर उपचार आवरते घेण्याचा निर्णय निदान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावा. आणि पहिल्या दिवसाच्या स्कोअरवर एकट्यावर भविष्य ठरवू नये.

आमच्या घरी हे वाक्य कुणी वाचलेलं नव्हतं. मामीने मात्र त्या कॉरिडॉरमध्ये स्वतःहून म्हटलं, "दोन दिस थांबया. मगे बघया."

थांबलो. पोकळीतलं पाणी काढायला नळी घातली. तिसऱ्या दिवशी मामांनी डोळे उघडले. बाविसाव्या दिवशी घरी आणलं.

आता इथे संगीत वाजवून भाग संपवता आला असता. पण मामा आज धरल्याशिवाय चालत नाहीत. उजवा हात कामाचा नाही. बोलणं 'व्हय', 'नाय' आणि एक अस्सल मालवणी शिवी, तीही अगदी योग्य जागी. संशोधनात परिणाम ० ते ६ अशा पट्टीवर मोजतात, ० म्हणजे ठणठणीत, ६ म्हणजे मृत्यू. मामा ४ वर आहेत. आणि बऱ्याच अभ्यासांत ४, ५ आणि ६ एकत्र करून 'वाईट परिणाम' असा एकच रकाना करतात. म्हणजे माझ्या कोडमध्ये मामा आणि मेलेला माणूस एकाच ओळीत.

मामीला मी हे सांगितलं. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "सकाळी चाय पिऊक सोबत आसतत, ता माका बस झाला." मग थोड्या वेळाने म्हणाली, की रात्री कूस बदलायला उठावं लागतं तेव्हा तिलाही वाटतं, हे बरं झालं का. दोन्ही खरं आहे. त्यामुळे कुठल्या घराने काय ठरवावं हे मी सांगणार नाही. ८५ वर्षांची, आधीच अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तिने आधीच 'माका मशीनार घालू नकात' असं सांगितलं असेल, तर तिचं ऐकणं हेच बरोबर.

पण ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा, आणि लिहून ठेवा. रक्तस्राव सुरू होऊन आणि स्कॅन काढून किती तास झाले? पुन्हा स्कॅन कधी काढणार? हा अंदाज कशावरून सांगताय, आणि आमच्या माणसाच्या वयाचे, अशा अवस्थेतले किती लोक तुम्ही पूर्ण उपचार देऊन बघितलेत? आणि दोन दिवस थांबलो, तर काय करता येईल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. त्या रेसिडेंट डॉक्टरला आला नव्हता.

आणि घरात कुणाची ब्लडप्रेशरची गोळी 'बरा वाटता' म्हणून बंद असेल, तर हा भाग इथेच थांबवा आणि आधी ती बघा.

चला, पाऊस वाढलाय, लाइट जायच्या आत अपलोड करतो. भेटू पुढच्या भागात.