हे दुखणं अंगावर काढू नका

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात एक बाई तीनदा आली. तक्रार एकच, कंबर दुखते. तिसऱ्यांदा दारापर्यंत गेली, परत फिरली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टरबाई, नवरा जवळ आला की लय दुखते जी. कोणाले सांगू?" बाळंतपणाला पाच महिने झाले होते. टाक्यांची जागा कडक झाली होती आणि अंगावर पाजत असल्यामुळे योनिमार्ग कोरडा पडला होता. तिला वाटत होतं, आपलंच काही चुकतंय.

नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाकीच्या सोसत होत्या.

संबंधाच्या वेळी नेमकं कुठे दुखतं, हे डॉक्टरांना सांगा. सुरुवातीलाच दुखत असेल तर कोरडेपणा, जंतुसंसर्ग किंवा टाक्यांचा व्रण असू शकतो. कधी भीतीमुळे तिथले स्नायू आपोआप आवळले जातात. तो हट्ट नव्हे. आत खोलवर दुखत असेल तर ओटीपोटातली सूज, गाठ किंवा एंडोमेट्रिओसिस आहे का, ते पाहावं लागतं.

यावर उपचार आहेत. कोरडेपणाला पाण्याचा अंश असलेली वंगण जेली चालते. निरोधसोबत तेल मात्र वापरू नये, तो फाटतो. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर डॉक्टरी सल्ल्याने हार्मोनचं मलम मिळतं. संसर्ग असेल तर काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. आवळलेले स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकता येतात. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर मात्र तपासणी लगेच करा. तपासताना त्रास झाला तर "थांबा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

पुरुष श्रोत्यांनाही सांगते, बायको "दुखतंय" म्हणाली की थांबा आणि तिच्यासोबत दवाखान्यात या.

ती बाई तीन महिन्यांनी पुन्हा आली, नवऱ्याला घेऊन. त्रास बराच कमी झाला होता. आणि या वेळी खुर्चीत बसल्याबरोबर बोलू लागली.