आपल्याविषयीचे बोलणे, आपल्यातले बोलणे

इंग्रजीतील ‘ऑटिझम’ या शब्दासाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द घडणीने सुबक आहे आणि मूळ कल्पनेशी प्रामाणिकही आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ शब्द घडविला. पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांनीही तोच शब्द उचलला. परंतु शब्द जसा वस्तू दाखवितो, तसा कधी कधी तिच्यावर पडदाही टाकतो. ‘स्वमग्न’ म्हटले की जगाकडे पाठ फिरवून बसलेला, कोणाच्या सुखदुःखाशी देणेघेणे नसलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. मग असा माणूस दुसऱ्या स्वमग्न माणसांच्या हकिकती आवडीने पाहील, ऐकील, ही कल्पनाच अनेकांना विपरीत वाटते.

वस्तुस्थिती निराळी आहे. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नता होय. इतरांना जेमतेम जाणवणारा पंख्याचा आवाज एखाद्या स्वमग्न व्यक्तीला असह्य होतो, तर दुसऱ्या एखादीला फिरणारा पंखा तासन्‌तास पाहण्यात विलक्षण आनंद मिळतो. संभाषणातील न बोललेले संकेत, नजर, आवाजातील चढउतार हे सारे इतरांना आपोआप समजते. स्वमग्न व्यक्तीला ते कष्टाने उकलावे लागते. कोणी अस्खलित बोलतो, कोणी मुळीच बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे रायपूरसारख्या लाखोंच्या शहरात अशी माणसे हजारांनी असणार. त्यांच्या हाती आज मोबाइल आहे, त्याच्या पडद्यावर स्वमग्नतेविषयीच्या असंख्य चित्रफिती आहेत. कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून आपला दिवस कसा गेला ते सांगतो. ज्याला व्लॉग म्हणतात, ती ही दृश्य रोजनिशी. ती पाहणे स्वमग्न माणसांना आवडते काय, असा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास रायपूर जिल्हा हे ठिकाण मोठे सोयीचे आहे. या जिल्ह्यात तुलसी नावाचे सुमारे चार हजार वस्तीचे एक गाव आहे. २०१८ साली तेथील जय वर्मा आणि ज्ञानेंद्र शुक्ला या दोन तरुणांनी ‘बीइंग छत्तीसगढिया’ या नावाने छत्तीसगढी बोलीतील चित्रफिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पाहता पाहता सारे गाव त्यात रमले. मुलांपासून आजीबाईंपर्यंत हजारभर माणसे या ना त्या नात्याने या कामात गुंतली आणि २०२३ साली शासनाच्या साहाय्याने तेथे ‘हमर फ्लिक्स’ नावाचा स्टुडिओही उभा राहिला. छत्तीसगढच्या खेड्यांविषयी चित्रपट आणि माहितीपट त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. पण त्यांतील काही बाहेरून आलेल्यांनी, बाहेरच्यांसाठी केलेले होते. तुलसीच्या चित्रफितींत सासू-सुनेचे भांडण, बाजारातील घासाघीस, शेतावरची थट्टा असते. ‘छत्तीसगढी माणूस म्हणजे काय’ याचे विवेचन त्यांत क्वचितच आढळते. तरीही, किंबहुना म्हणूनच, छत्तीसगढी माणसाला त्या आपल्या वाटतात.

रायपुरातील मराठी कुटुंबांनाही हा अनुभव परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य या प्रदेशावर आले, तेव्हापासून मराठी माणसे तेथे नांदत आहेत. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आजही मराठी कानाला ओळखीचे वाटते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि भाजीबाजारात छत्तीसगढी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या या मंडळींना कोणी मराठी लोकांच्या स्वभावावर व्याख्यान ऐकविले, तर ती सौजन्याने ऐकतील. पण आगगाडीच्या डब्यात कोणी अचानक मराठीत ‘जरा सरकून घेता का?’ असे म्हटले, तर त्यांचा चेहरा खुलेल. आपल्याविषयीचे बोलणे आणि आपल्यातले बोलणे यांत हा असा भेद आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाची किल्ली या भेदात आहे.

स्वमग्नतेविषयीच्या पुष्कळशा चित्रफिती पहिल्या प्रकारच्या असतात. त्यांचा श्रोता स्वमग्न माणूस नसतो. त्याचे आईवडील, शिक्षक अथवा डॉक्टर हा त्यांचा श्रोता असतो. यामागे इतिहास आहे आणि तो समजून घेणे न्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या मध्यास मुलाच्या स्वमग्नतेचे खापर आईच्या माथी फोडण्याची रीत होती. आईच्या मायेत ऊब नाही, म्हणून मूल आत वळले, असे विद्वान म्हणत. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने या समजुतीला मोठाच प्रसार दिला. त्यापूर्वी, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने तिचे सप्रमाण खंडन केले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. देशोदेशीच्या पालकांनी संस्था काढल्या. भारतात दिल्लीची ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ पासून कार्य करीत आहे. ज्यांच्यावर अकारण दोषारोप झाला, त्यांनी मोठ्याने बोलावे हे स्वाभाविकच होते. त्यांच्या बोलण्यामुळेच शाळांची दारे किलकिली झाली.

परंतु पालकांच्या या बोलण्याच्या वेळी मूलही त्याच खोलीत असते, याचा विसर पडत गेला. ‘आमच्यावर हे काय संकट कोसळले’ असे आई कॅमेऱ्याला सांगते, तेव्हा ते संकट शेजारी बसून ऐकत असते. मूल बोलत नाही, म्हणून त्याला समजतही नाही, असे गृहीत धरलेले असते. आणि हे गृहीत अनेकदा खोटे ठरते. त्याहून कठोर प्रकार असा की, गोंगाटाने वा प्रकाशाने मुलाचा तोल सुटून ते जमिनीवर लोळू लागते, रडू लागते, तो क्षण टिपून जगाला दाखविला जातो. हेतू पुष्कळदा जनजागृतीचाच असतो. पण असह्य वेदनेच्या वेळी आपले चित्र काढले जावे, हे कोणत्या प्रौढाला रुचेल? ते मूल उद्या मोठे होणार आहे आणि ती चित्रफीत तोवर पुसली जाणार नाही. १९९३ साली कॅनडात टोरांटो येथील परिषदेसाठी जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांना उद्देशून एक निवेदन केले, ते आजही वाचले जाते. त्याचा आशय असा की, जे मूल मनात कल्पिले होते, त्याच्यासाठी शोक करायचा तर करा. पण जे मूल समोर उभे आहे, त्याच्यावर त्या शोकाचे ओझे लादू नका. स्वतःवरील शोकगीत कोणी आवडीने ऐकत नाही. या प्रकारच्या चित्रफिती स्वमग्न माणसांना आवडतात काय, याचे उत्तर यातच आले.

दुसऱ्या प्रकारच्या चित्रफितींची गोष्ट वेगळी. २००७ साली अमेरिकेतील मेल बॅग्ज या स्वमग्न व्यक्तीने ‘इन माय लँग्वेज’ म्हणजे ‘माझ्या भाषेत’ या नावाची एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. बॅग्ज यांचे २०२० साली निधन झाले. त्या चित्रफितीच्या पूर्वार्धात एकही शब्द नाही. हात हलतात, गुणगुणणे ऐकू येते, बोटांवरून नळाचे पाणी वाहत राहते. पाहणाऱ्याला हे सारे निरर्थक वाटू लागते, तोच संगणकाच्या आवाजात त्याचा अर्थ उलगडतो: हे भोवतालच्या वस्तुमात्राशी चाललेले संभाषण आहे, मात्र जोवर ते इतरांच्या भाषेत होत नाही, तोवर जग त्याला विचार मानीत नाही. ज्यांना लहानपणापासून ‘हात स्थिर ठेव’ असे बजावले गेले, त्यांना ही चित्रफीत पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांच्या हातांची बाजू घेतली होती.

अशा रोजनिशा पाहण्यात एक व्यावहारिक सुखही आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांना ते परिचयाचे असेल. बोलणारा आपल्याकडे पाहत नाही, उत्तराची वाट पाहत नाही, मान डोलावली नाही म्हणून रागावत नाही. पडद्यावरील माणसाला मध्येच थांबविता येते, मागे नेता येते, आवाज कमी करून खालची अक्षरे वाचता येतात. ज्याला समोरासमोर भेट झाली की नजर कोठे ठेवावी याचीच चिंता पडते, त्याला दुसऱ्या माणसाचा सहवास असा निर्धोक मिळतो. एकच चित्रफीत पन्नास वेळा पाहिली तरी हरकत नाही. ज्या समाजात पोथीची पारायणे होतात, त्याने पुनरावृत्तीतील समाधान समजून घेण्यास अडचण पडू नये.

या आपलेपणाला संशोधनाचाही आधार आहे. इंग्लंडमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक. त्यांनी २०१२ साली असे प्रतिपादन केले की, स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातील गैरसमज दुहेरी असतो. एकाला दुसरा कळत नाही, तसा दुसऱ्यालाही पहिला कळत नाही. पुढे एडिंबरो विद्यापीठातील कॅथरीन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आठ आठ माणसांच्या साखळ्या करून एक गोष्ट पहिल्याकडून शेवटच्यापर्यंत पोचवायची होती. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी कोणीच स्वमग्न नसलेल्या साखळीत टिकली. ती अधिक गळाली मिश्र साखळीत. तेव्हा स्वमग्न माणसाला बोलताच येत नाही ही समजूत अपुरी ठरते; कोणाशी बोलायचे, हाही प्रश्न असतो.

तथापि, या आनंदाला मर्यादा आहेत. आपल्यातला माणूस बोलतो म्हणून तो बरोबरच बोलतो असे नाही. टिकटॉकवरील स्वमग्नतेविषयीच्या १३३ लोकप्रिय चित्रफिती अमेरिकेतील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे २७ टक्केच माहितीच्या दृष्टीने अचूक निघाल्या, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. टिकटॉक भारतात २०२० पासून बंद आहे. पण अशा चित्रफितींना इतर वाटा मोकळ्याच आहेत. त्या पाहून मनात शंका आली, तर तिचा निर्णय तज्ज्ञाने करावयाचा. दुसरे असे की, पडद्यावरील अस्खलित वक्त्याची कहाणी न बोलणाऱ्या मुलाची कहाणी नव्हे. तिसरी मर्यादा अधिक साधी आहे. प्रौढपणी प्रथमच आपल्या वेगळेपणाचे नाव कळलेली माणसे अशा रोजनिशा अधाशीपणाने पाहतात; पण ओळख पटली की अनेकांना तोच तो विषय पुरेसा होतो. आणि पुष्कळांना तो मुळातच नको असतो. रायपूर–धमतरी मार्गावर पूर्वी धावणाऱ्या नॅरोगेज गाडीचे इंजिन, त्याचे डबे आणि स्थानके यांत ज्याचा जीव रमतो, त्याने स्वमग्नतेवरील चर्चा का म्हणून पाहावी? त्याच वेडाने भारलेल्या एखाद्याने कॅमेरा हाती घेऊन तासभर त्या गाडीविषयीच बोलावे, हेच त्याला हवे असते. तुलसीच्या गावकऱ्यांप्रमाणे आपले बोलणे त्यालाही प्रिय असते. आपले विवेचन नव्हे.

यातून घरोघरीच्या वडीलधाऱ्यांना घेण्यासारखा बोध आहे. मुलासमोर चित्रफीत धडा म्हणून ठेवू नये. त्याला काय आवडते ते विचारावे. बोलता येत नसेल, तर त्याची बोटे कोठे थांबतात ते पाहावे. कर्कश पार्श्वसंगीत आणि भराभर बदलणारी दृश्ये असलेल्या चित्रफिती टाळाव्या. त्याचे स्वतःचे चित्र जगापुढे मांडण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी, आणि ती कळण्याजोगी नसेल तर ते मांडू नये. आजवरच्या अभ्यासांत एकाहून अधिक भाषांमुळे स्वमग्न मुलांची वाढ खुंटते असे आढळलेले नाही. तेव्हा घरातील मराठी त्याच्यापासून हिरावण्याचेही कारण नाही. अशा रोजनिशा इंग्रजीत विपुल, हिंदीत त्याहून थोड्या, मराठीत आणि छत्तीसगढीत फारच विरळ आहेत. ही उणीव डॉक्टरांनी किंवा पालकांनी भरून काढण्यासारखी नाही. ती स्वमग्न माणसांनीच भरून काढायची आहे, इतरांनी कॅमेरा आणि निवांतपणा तेवढा पुरवावा.

१९९५च्या अपंगविषयक कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत तिला स्थान दिले. कायद्याने हक्क मिळतो, पण श्रोता मिळत नाही. तो घरातच मिळावा लागतो. आणि रायपुरातील एखादी मुलगी उद्या आपल्या पंख्याविषयी वा आगगाडीविषयी सांगू लागली, तर तिच्या घरच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. तिला आवडेल अशी पहिली चित्रफीत कदाचित तीच असेल.