बाबासाहेबांचे कॉलेज आणि आपली बारावी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे 'एका कॉलेजचे नामवंत माजी विद्यार्थी'. आम्ही कॉलेज निवडले मुंबईचे एल्फिन्स्टन. का, ते पुढे कळेलच. काळा घोड्याजवळून जाताना ती जुनी दगडी इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. बाहेरून बघतो आणि पुढे जातो. आत कोण कोण बसून गेले, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

या संस्थेचे वर्ग १८३५ च्या सुमारास सुरू झाले. १८५६ साली शाळेपासून कॉलेज वेगळे झाले. दादाभाई नौरोजी इथलेच विद्यार्थी आणि पुढे इथलेच गणिताचे प्राध्यापक. हिंदुस्थानचा पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो, हे त्यांनी आकडे मांडून जगाला दाखविले आणि १८९२ साली ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. जमशेटजी टाटा १८५८ साली इथून शिकून बाहेर पडले. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली झाले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे एल्फिन्स्टनचेच. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली इथून बी.ए. झाले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा केंब्रिजला जाण्यापूर्वी काही काळ इथे शिकले. आज हे कॉलेज ज्या विद्यापीठात आहे, त्याला भाभांचेच नाव आहे.

यादी मोठी आहे आणि आदराने घ्यावी अशीच आहे. यातल्या काहींनी शिकता शिकताच दुसऱ्यांना शिकविले. १८४९ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि फावल्या वेळात स्वतः शिकविले. दादाभाई त्यांत होते. हे उपकार विसरता कामा नयेत.

पण मंडळी, त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. ज्या १८५६ साली हे कॉलेज वेगळे झाले, त्याच वर्षी याच मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. रीतसर अर्ज केला. सरकारने नकार दिला. एकाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असा विचार त्यामागे होता. म्हणजे एकीकडे कॉलेजच्या पायऱ्या बांधल्या जात होत्या आणि दुसरीकडे आपल्या पोराला शाळेचा उंबरठासुद्धा मिळत नव्हता. आणि १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे सरकारला हेच विचारले, की रयतेच्या घामाचा पैसा तुम्ही वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करता. त्या शिकलेल्यांनी खालच्या माणसाला काय परत दिले?

जोतीरावांचा हा प्रश्न आज आम्हाला इथे पुन्हा विचारायचा आहे. त्यासाठी एल्फिन्स्टनच्या यादीतले राहिलेले एक नाव घेतो. ते तुम्हाला सांगायला नको.

भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. गुण किती, माहीत आहे? साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी! आजच्या हिशेबाने अडतीस टक्केसुद्धा नाहीत. आज आपल्या वस्तीत एखाद्या मुलाला अडतीस टक्के पडले तर घरात सुतक पडल्यासारखे होते. बाप बोलत नाही, शेजारी विचारतील म्हणून आई नळावर जात नाही. बाबासाहेबांच्या घरी शिक्षण थांबले नाही. १९०८ साली ते कॉलेजात गेले.

घर कसले? परळच्या चाळीत. त्या दिवसांतल्या एका खोलीचे वर्णन चरित्रांत आहे : उशाशी जाते, पायाशी बांधलेली शेळी. रात्री लवकर निजायचे आणि दोन वाजता सुभेदार रामजींनी उठवायचे, की मग अभ्यास. पुस्तकाला पैसे नसले तर हा बाप लग्न झालेल्या लेकींच्या दारी जाई, त्यांचा दागिना मागून गहाण टाकी आणि पुस्तक आणून देई. कॉलेजातही सारे गोड नव्हते. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. मात्र मुलर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना वाचायला पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडे दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी कॉलेजात आधी प्रीव्हियस, मग इंटर आणि मग बी.ए. अशी चढण होती. इंटर म्हणजे साधारण आपली आजची बारावी धरा. इंटर झाली आणि सुभेदारांचे हात टेकले. पुढे फी कुठून भरणार? भीमरावांचे शिक्षण इथेच संपायचे होते. तेव्हा केळुस्कर गुरुजी पुढे झाले. त्यांनी या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढे उभे केले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. १९१२ च्या परीक्षेत भीमराव बी.ए. झाले. १९१३ साली ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचा इतिहास तुमच्या घरातल्या लहान पोरालासुद्धा पाठ आहे.

बघा, बारावीच्या पायरीवर पंचवीस रुपये मिळाले नसते तर?

हे केळुस्कर गुरुजी कोण? बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांची आठवण सांगितली आहे. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले म्हणून समाजातल्या माणसांना त्यांचा सत्कार करायचा होता. काही चरित्रांत हा सत्कार मॅट्रिकनंतरचा म्हणून येतो. आम्ही बाबासाहेबांचा शब्द धरतो. चौथी म्हणजे केवढीशी परीक्षा! वडील तयार नव्हते, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. केळुस्करांनी त्यांची समजूत घातली. सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हातात दिले. ते पुस्तक वाचून मनावर खोल परिणाम झाला, असे बाबासाहेब सांगतात.

म्हणजे तोही एक गुणगौरवच होता, मंडळी. आज इथे चालला आहे तसाच. खुर्च्या मांडणाऱ्यांना ठाऊक नव्हते की आपण कुणाचा सत्कार करतो आहोत. आम्हालाही आज ठाऊक नाही.

आता जोतीरावांच्या प्रश्नाचे उत्तर. बाबासाहेबांनी शिकून काय परत दिले? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले; नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, तेच आपले मिलिंद. ज्याला एका कॉलेजात चहा मिळाला नाही, त्याने सगळ्यांसाठी कॉलेजे उभी केली. माजी विद्यार्थी नामवंत कशाने होतो, ते यावरून ओळखावे.

तेव्हा पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. गुण कमी पडले म्हणून पोराला टाकून बोलू नका. मुलगी बारावी झाली, आता स्थळ बघा, अशी घाई करू नका. बारावीची पायरी घसरडी आहे. आपली निम्मी पोरे तिथेच घसरतात, हे अभ्यासिकेत बसणारे आम्ही डोळ्यांनी बघतो. आणि आपल्यापैकी जे शिकून नोकरीला लागले, ज्यांनी ब्लॉक घेतले, त्यांना विनंती थोडी कडक आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलच जाहीर खंत व्यक्त केली होती. ती आमच्याबद्दल होती. वर्षातून एकदा सत्काराला येऊन हार घालून घेऊ नका. एका पोराची एका वर्षाची फी घ्या. पैसे नसतील तर आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत बसा. केळुस्कर श्रीमंत नव्हते, शाळामास्तर होते.

विद्यार्थी मित्रहो, आज हातात मिळालेले पुस्तक घरी जाऊन उघडा. फोटोपुरते धरू नका.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!