खाणीइतकेच तिचे कागद



 चंद्रपुरात जटपुरा गेटातून आत येताना गोंड राजांचा परकोट आपण पाहिला असेल. त्या परकोटापलीकडे, वर्धा नदीच्या खोऱ्यात, आमचे दुसरे शहर आहे. ते जमिनीखाली आहे. 1870च्या दशकात वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठी रेल्वे वरोऱ्यापर्यंत आली. ती खाण पुढे बंद पडली, बल्लारपूर आले, मग आणखी कितीतरी. खाणकामाच्या इतिहासाची परिषद भरवायला याहून योग्य गाव मला तरी माहीत नाही.

माझी सगळी नोकरी सर्व्हे ऑफिसात गेली. म्हणून इतिहासाबद्दल मी काय बोलणार, असा संकोच होता. पण आपले पहिलेच सत्र इतिहास लिहिणाऱ्या खाण अभियंत्यांवर आहे, आणि त्यातल्या एका माणसाबद्दल मला फार वर्षे आदर वाटत आला आहे. तो माणूस हर्बर्ट हूव्हर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते मंदीच्या काळासाठी. त्याबद्दल मला आज काही म्हणायचे नाही. मला ते आठवतात ते स्टॅनफर्डमधून 1895 साली बाहेर पडून, नोकरी मिळेना म्हणून कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणीत रात्रपाळीला डबे ढकलणारे तरुण म्हणून. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलिया, चीन, ब्रह्मदेशातले बॉडविन अशा त्यांच्या खाणी झाल्या. पूर्णवेळ प्राध्यापक ते कधी नव्हते. तरी स्टॅनफर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांत त्यांनी दिलेली व्याख्याने 1909 मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ मायनिंग’ या नावाने पुस्तकरूपात आली आणि खाणकामाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

त्याच सुमारास हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री हे दोघे एका लॅटिन ग्रंथाला भिडले होते. लूबाईंनी स्टॅनफर्डमध्येच भूशास्त्राची पदवी घेतली होती आणि त्यांचे लॅटिन पक्के होते. ग्रंथ होता जॉर्जियस अॅग्रिकोलाचा ‘डे रे मेटॅलिका’, 1556 साली बाझल येथे छापलेला. अॅग्रिकोला वैद्य, योआखिम्सथाल या चांदीच्या खाणींच्या गावात त्याने खाणकामगारांना तपासले, आणि खाणीत जे पाहिले ते बारा भागांत लिहिले. पाणी उपसण्याचे रहाट, हवा आत ढकलणारे भाते, मोजणीची साधने, सगळे चित्रांसकट. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या भागात सात-सात नवरे क्षयाने गमावलेल्या बायका आहेत, असेही तो नोंदवतो. खाणीतली धूळ माणसाच्या छातीचे काय करते, हे आम्हाला कळायला पुढे किती काळ गेला, याची या सभागृहात सर्वांना कल्पना आहे.

हूव्हर दांपत्याने या कामाला सुमारे पाच वर्षे दिली. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. अॅग्रिकोलाने सांगितलेली एखादी कृती कळली नाही, तर ती प्रयोगशाळेत करून पाहिली. पानोपानी तळटीपा दिल्या. काही ठिकाणी टीप मूळ मजकुराहून मोठी आहे. त्या टीपा वाचताना लिहिणारा हात खाणीतला आहे हे लगेच कळते, कारण पंप किती पाणी काढील, भट्टीत काय उरेल, हे प्रश्न खाणीत काम केलेल्यालाच सुचतात. 1912 साली लंडनहून हे पुस्तक निघाले.

याच माणसाने 1919 मध्ये महायुद्धाची कागदपत्रे गोळा करण्यासाठी स्टॅनफर्डला 50 हजार डॉलर दिले. पत्रके, अहवाल, पत्रव्यवहार, जे इतर लोक फेकून देतात ते जपायचे, हा त्यांचा आग्रह. त्यातूनच आजची हूव्हर इन्स्टिट्यूशन उभी राहिली.

हे मी का सांगतो आहे? आपल्या धंद्यात कागद हरवणे म्हणजे काय असते, हे आपण जाणतो. 2002 च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत नऊ कामगार अडकले. शेजारची सॅक्समन खाण कधीच बंद पडलेली, पाण्याने भरलेली. हातातल्या नकाशाप्रमाणे ती सुमारे 300 फूट दूर होती. प्रत्यक्षात मशीन थेट तिच्यात घुसले आणि पाणी आत आले. तीन दिवसांहून अधिक काळानंतर नऊही जण वर आले, हे मोठे भाग्य. त्या जुन्या खाणीचा नंतरचा नकाशा पुढे सापडला तो एका कोळसा संग्रहालयात, एका दिवंगत खाण निरीक्षकाच्या कागदपत्रांत!

आपल्याकडे 27 डिसेंबर 1975 रोजी चासनाल्यात वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी फुटले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत जायचे तर परवानगी लागते, हे कायद्यात आहेच. पण जुने काम नेमके कुठे संपते, हे ज्या ट्रेसिंग क्लॉथवर काढले आहे, तोच वाळवीने खाल्ला असेल तर ते 60 मीटर मोजायचे कुठून?

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्यांना खाणीत न्याल तेव्हा एक दिवस सर्व्हे ऑफिसातही न्या. निवृत्त लोकांच्या घरी फील्डबुके पडून आहेत, ओव्हरमनच्या रोजच्या रिपोर्टांच्या वह्या आहेत. त्या रद्दीत जाण्याआधी मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही, फक्त कोणी विचारायला जात नाही.

सभागृहाबाहेर डाव्या बाजूच्या टेबलावर स्कॅनर ठेवला आहे आणि तिथे आमची तरुण मुले बसली आहेत. ज्यांनी सोबत जुने प्लॅन किंवा वह्या आणल्या असतील, त्यांनी कृपया चहाच्या वेळेत त्या द्याव्यात; मूळ प्रत संध्याकाळपर्यंत आपल्या हाती परत मिळेल. आता अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेच्या कामकाजाला प्रारंभ करावा.