छपराला पांढरा हात, घरात उतरलेला पारा

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात एरवीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातल्या शहरांमधला हा पहिलाच. २०१७ पासून त्याला जोड मिळाली थंड छपरांची.

युक्ती साधी आहे. काळपट स्लॅब किंवा गंजलेला पत्रा दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. पांढरा थर बरंचसं ऊन आल्यापावली परत पाठवतो. घरातलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं. बैठ्या वस्तीत छप्परच डोक्यावर तापतं, त्यामुळे फायदा तिथे सर्वाधिक. उंच इमारतीत मात्र तो वरच्या मजल्यापुरताच.

विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या घरांनाही हे लागू पडतं. होळीच्या आसपास गच्ची झाडून धुवा, भेगा बुजवा, मग चुन्याचे दोन हात द्या. पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग घ्या. धूळ साचली की परिणाम घटतो आणि पावसात चुना धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी हे काम पुन्हा करावं लागतं.

नवं घर बांधत असाल, तर पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि समोरासमोर खिडक्या हव्यात, हे नकाशा कागदावर असतानाच ठरवा. बांधून झाल्यावर ते महागात पडतं.