तळ्यांच्या मुलखात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या शुभप्रसंगी मी प्रवासाविषयी काही बोलावे, अशी कार्यवाहांची सूचना आहे. गेल्या वर्षी याच सभागृहात आपल्यातील एका कुटुंबाने स्वीडनमधील दालार्ना प्रांताची चित्रे दाखविली होती, ती आपल्या स्मरणात असतील. विस्तीर्ण सिल्यान सरोवर, भोवतालची सूचिपर्णी अरण्ये, ऐन उन्हाळ्यात पानाफुलांनी मढविलेला खांब उभारून त्याभोवती फेर धरणारे ग्रामस्थ. चित्रे संपताच एका लहान मुलीने विचारले, "आपल्याकडे असे कोठे आहे का?" कोणीच उत्तर दिले नाही. मीही नाही. मी जन्माने सातारचा. माझा महाराष्ट्र पूर्वेकडे नागपूरला संपत असे. त्या मुलीचे उत्तर शोधावयास मी दिवाळीनंतर झाडीपट्टीत गेलो.

गोंदिया-बल्लारशा लोहमार्गाने जाताना दोन्ही बाजूंस धानाची शेते आणि त्यांपलीकडे साग, मोह, ऐन, तेंदू यांचे रान दिसते. आणि गाव आले की तळे आलेच. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचे तळे या सर्वांत प्रसिद्ध. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधविले, असे मानतात. टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळीने अडवून पाणी साठविले आहे. पाळीवर उभे राहिले की हे मनुष्याच्या हातचे काम आहे, यावर विश्वास बसत नाही. तळ्याभोवतीचे अरण्य 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे.

गोंड राजांच्या अमदानीत जो तळे बांधील त्याला जमीन मिळे, आणि कोहळी समाजाने हे शास्त्र हस्तगत केले होते. एका तळ्याच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या तळ्यात, तेथून त्याच्याही खालच्या तळ्यात जावे, अशी ही साखळी. मोठ्या तळ्यास तलाव म्हणतात, लहानास बोडी. उन्हाळ्यात गाळ काढावा, पाळ दुरुस्त करावी, ढिवरांनी मासे धरावेत, पाण्याची पाळी सर्वांनी मिळून ठरवावी, अशी वहिवाट होती. 1951 साली मालगुजारी संपली आणि ही हजारो तळी सरकारजमा झाली. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण तिच्याबरोबर गावाची जबाबदारीही गेली. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली. 'माजी मालगुजारी' या शब्दांचा संक्षेप करून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. ज्याला मामा म्हटले, त्याचीही आबाळ व्हावी, हे दुर्दैव! अलीकडे काही गावांत ढिवरांनी पुढाकार घेऊन तळ्यांतून पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या आहेत, आणि मासळी परतत आहे.

मी गेलो तेव्हा मंडईचे दिवस होते. धान हाती येऊ लागले की गावोगाव मंडई भरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, सोयरिकीही तेथेच जुळतात. रात्री दंडार किंवा नाटक, आणि ते पहाटेपर्यंत! देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथील मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके करीत हिंडतात. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. कडाक्याच्या थंडीत घोंगड्या पांघरून बसलेल्या त्या प्रेक्षकांत बसून मीही नाटक पाहिले. मराठी रंगभूमीच्या भवितव्याची चिंता त्या रात्रीपुरती तरी मला शिवली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध ढिवराशी बोलत होतो. मी बेंगळूरचा, हे कळल्यावर त्यांनी विचारले, "तुमच्याकडे तलाव हायेत का जी?" मी म्हणालो, "पुष्कळ होते. आता त्यांवर आम्ही राहतो." त्यांनी हात थांबविला. "मंग पानी कोठं जाते जी?"

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी मी हौसेने घर बांधले, ती आमची वसाहत एका जुन्या केरेच्या पोटात आहे. सप्टेंबर 2022 च्या पावसात पाणी आपल्या जुन्या घरी परत आले आणि माझ्या देवघरापर्यंत पोचले. या शहरातही तळ्यांची तशीच साखळी होती; त्यांना जोडणाऱ्या कालव्यांस येथे राजकालुवे म्हणतात. आपण मॅजेस्टिकला बस धरतो, तेथे धर्मांबुधी तळे होते. कंठीरव क्रीडांगणाच्या जागी संपंगी तळे होते. त्या संपंगीचा एक लहानसा तुकडा आजही शिल्लक आहे, कारण करगा उत्सवास तो लागतो. परंपरेने जेवढे धरून ठेवले, तेवढेच पाणी वाचले.

आपण येथले नव्हे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून नवेगावास गेले, तेथील माणसांपासून रान आणि पाखरे शिकले, आणि ते अरण्य मराठी साहित्यात आणून सोडले. 18 जून 2025 रोजी ते निवर्तले. परका मनुष्य गावाचा कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे: बाळ, आपल्याकडेही आहे, दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहून ये. आणि मंडळाला एक विनंती. आपला गणपती वर्षातून एकदा तळ्याकडे जातो. यापुढे दर वर्षी उन्हाळ्यात, पाऊस येण्यापूर्वी, आपण सर्वांनी आपल्या कन्नड शेजाऱ्यांसह जवळच्या केरेवर श्रमदानासाठी एक दिवस जावे. पहिल्या दिवशी मी फावडे घेऊन येईन. त्या तळ्याचे देणे माझ्याकडे तीस वर्षे थकले आहे.