परक्या नगरात घर शोधताना
(करंजाडे, ता. पनवेल येथे नव्याने राहावयास आलेल्या बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी कोणी मराठवाड्यातून आला आहांत, कोणी विदर्भातून, तर कोणी मुंबईतील भाडे परवडेना म्हणून खाडी ओलांडून इकडे आला आहांत. न्हावा-शेव्याचे बंदर येथून दूर नाही, आणि ज्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले तो तर अगदी शेजारीच आहे. अर्थात काम मिळेल. प्रश्न आहे तो राहावयाचे कोठे हा, आणि त्याविषयी मी एक वकील या नात्याने आपणांशी बोलणार आहे.

प्रथम ही वस्ती कशी उभी राहिली ते ध्यानात घ्या. सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या भूमिपुत्रांना जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेखाली भूखंड दिले. त्या भूखंडांवर येथील पुष्कळशा इमारती उभ्या आहेत. विमानतळासाठी ज्या दहा वस्त्या उठल्या, त्यांतील लोकांनाही आपले घर सोडून दुसरीकडे जावे लागले. म्हणजे आपण ज्याच्या दाराशी उभे राहता तो घरमालक कित्येकदा स्वतःच विस्थापित असतो. त्याच्याशी बोलताना याचा विसर पडू देऊ नका. पण म्हणून त्याने काहीही विचारावे आणि आपण ते सोसावे, असाही त्याचा अर्थ नव्हे.

दलाल प्रथम काय विचारतो? नोकरी कोठे, माणसे किती, आणि मग हळूच, 'आडनाव काय?' आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'जेवणखाण कसे?' तेवढ्यानेही भागले नाही तर 'गाव कोणते?' भाडे व अनामत ठरून गेल्यावर भिंतीवर कोणाची तसबीर लावणार याचा सुगावा लागताच 'घर कालच दुसऱ्याला दिले' असे उत्तर आलेली कुटुंबे माझ्याकडे आली आहेत. हा केवळ आपल्या मनाचा खेळ नव्हे. डॉ. सुखदेव थोरात व त्यांचे सहकारी यांनी दिल्ली व तिच्या परिसरात घरमालकांकडे निरनिराळ्या समाजांतील उमेदवारांमार्फत चौकशी करविली आणि आपली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध केली. घर तेच, ऐपत तीच, पण नाव बदलले की उत्तर बदलते, हे तीत दिसून आले.

नाव लपवावे काय, असे मला अनेक तरुण विचारतात. त्यांना मी १९१७ सालच्या बडोद्याची आठवण देतो. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंत कामाठी बागेत बसून राहावे लागले. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे, कारण मधल्या काळात त्यांनीच तो कायद्यात घालून ठेवला आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जात विचारणाऱ्याला उत्तर देण्यास आपण बांधलेले नाही, गप्प राहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे; परंतु खोटे नाव सांगू नका. करारनाम्यावर खरे नाव येणारच, आणि तेव्हा फसवणुकीचा आरोप उलट आपल्याच माथी बसेल.

आता कायदा. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भारतात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. तथापि ते प्रामुख्याने शासनाविरुद्ध चालते. खाजगी घरमालकापुढे ते मांडून भागत नाही. तेथे उपयोगी पडतो तो १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या चौथ्या कलमात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा सांगितला आहे. एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. बारावे कलम तर त्याहून मोलाचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो.

येथे नवदीक्षित कुटुंबांना एक शंका येते: धम्मदीक्षा घेतली, आता हे संरक्षण गेले काय? गेले नाही. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा मूळ समाज त्या यादीतील असेल तर जातीचे प्रमाणपत्र टाकून देऊ नका. ज्या ओळखीचा आपण त्याग केला तिचा कागद जपून ठेवणे अनेकांना जड जाते, हे मी जाणतो. पण तो कागद न्यायालयाला दाखविण्यासाठी आहे, स्वतःला नव्हे.

अॅट्रॉसिटी कायद्याचे नाव पुष्कळ जण चटकन घेतात. जातिवाचक अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींआड, कोणी तिऱ्हाईत नसताना उच्चारलेले शब्द त्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. म्हणून साक्षीदाराचे महत्त्व. घर पाहावयास एकटे जाऊ नका. दलालाशी भाडे, अनामत, तारीख हे सारे फोनवरील लेखी संदेशात ठरवा व ते पुसू नका. नकार आला तर एखाद्या स्नेह्याला दुसऱ्या दिवशी त्याच घराची चौकशी करावयास सांगा. 'दिलेले' घर पुन्हा रिकामे निघाले, तर ती गोष्ट तारखेनिशी लिहून ठेवा.

घर मिळाले की करारनामा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरीचा शिक्का पुरे, असे दलाल छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे खोटे आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या पंचावन्नाव्या कलमान्वये भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या अवघे पाव टक्का आहे. अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज त्यासाठी भाड्यात मिळवितात. एवढ्या रकमेसाठी घासाघीस करू नका. अनामत परत मिळविताना हाच कागद उपयोगी पडतो. मात्र मुदत संपल्यावर जागा सोडलीच पाहिजे, नाहीतर दुप्पट आकार भरावा लागतो, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्या बाजूचेच कलम तेवढे वाचावयाचे, ही सवय बरी नव्हे.

बायांना एक सांगणे आहे. पाणी किती वेळ येते, टँकर मागवावा लागतो काय, त्याचे पैसे कोण देतो, हे आपण विचारा. पुरुष माणसे ते विचारावयास विसरतात.

आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच, तर पैशावाचून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. सोबत करारनामा, संदेशांच्या प्रती आणि जातीचे प्रमाणपत्र न्यावे.